मावशीच्या चार बोटं रुंद पट्ट्या

उस्मानपुऱ्यापासून शेंद्र्यापर्यंत जिच्या परकराची नाडी माझ्या मावशीनं सैल केली नाही, अशी बाई शोधून सापडणार नाही. एक सोडून. ती तिची सख्खी थोरली बहीण, म्हणजे माझी आई.

मावशी सरकारी दवाखान्यातली निवृत्त नर्स. नोकरीत असताना तिनं एका बाईच्या कमरेवर नाडी काचून झालेली, वर्षभर न भरलेली जखम पाहिली होती. तपासल्यावर तो कातडीचा कॅन्सर निघाला. तेव्हापासून बाई भेटली की मावशीला चेहऱ्याआधी कंबर दिसायची. बँकेच्या रांगेत, रिक्षात, अगदी कुणाच्या सांत्वनाला गेली तरी तेच. "काळा पट्टा पडलाय का? खाजतं का? लाजू नको, म्या लई कमरा पाह्यल्यात!" शेंद्र्याच्या एका लग्नात तिनं बायकांच्या खोलीत शिरून झाडून सगळ्यांच्या नाड्या सैल केल्या आणि ऐन मंगलाष्टकांत वरमाईच्या निऱ्या सुटल्या. वरमाई भडकली, तर ही तिलाच म्हणाली, "कंबर हाय ती, सुतळीनं आवळायचं पोतं नाय!" संक्रांतीला बायका वाण म्हणून वाट्या-डब्या लुटतात. ही औरंगपुऱ्यातून कापड आणून चार बोटं रुंद पट्ट्या शिवायची आणि परकरात नाडीऐवजी ओवायला म्हणून वाटायची. आम्ही पोट धरधरून हसायचो.

आईही हसायची. पण मावशी तिच्या कमरेकडे वळली की, "तू धाकटी हायेस, धाकटीसारखी राहा. चहा घे," म्हणत उठून जायची. साऱ्या शहराला न भिणारी मावशी अक्कापुढे मात्र गप्प बसायची. एकदा आईच्या परकराला मला रक्ताचा डाग दिसला. "नाडी काचली गं. तिला सांगू नको," आई म्हणाली. मावशी उगाच घर डोक्यावर घेईल म्हणून मीही सांगितलं नाही. त्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही. कळलं तेव्हा आजार जांघेतल्या गाठींपर्यंत पोचला होता.

शेवटचे चार महिने आईची जखम मावशीनंच रोज धुतली. एकदा पट्टी बांधून बाहेर आली आणि म्हणाली, "साऱ्या जगाच्या कमरा पाह्यल्या, अन् अक्काची तेवढी राहिली." आई गेल्यावर तिनं कुणालाच काही विचारलं नाही. संक्रांत आली आणि तशीच गेली.

परवा आम्ही दोघी आईचं कपाट आवरत होतो. तळाशी मावशीच्या पट्ट्या निघाल्या, दर संक्रांतीची एक, घडीही न मोडलेल्या. त्या मांडीवर घेऊन मावशी एकेक पट्टी मोजायला लागली. मला ते बघवेना. मी तिच्यासमोर उभी राहिले, पदर बाजूला केला आणि म्हटलं, "बघ."

तिनं मला खिडकीच्या उजेडाकडे वळवलं, नीट पाहिलं, बोटानं चाचपलं. मग माझ्या परकराची नाडी ओढून काढली, सेफ्टी पिन लावून त्यातली एक पट्टी ओवली आणि सैलशी गाठ मारली.

"आता काचतंय का?"

काचत नव्हतं. "थोडं," मी म्हणाले, आणि तिनं ती गाठ पुन्हा सोडायला घेतली.