ऐरणीची पूजा

कापडे गावाजवळचा बंद पडलेला जुना लोखंडाचा कारखाना मालकांनी मला भंगारात दिला होता. नेमका खंडेनवमीलाच मी टेम्पो घेऊन गेलो. शेजारची एक म्हातारी पदराच्या टोकानं ऐरणीला तेल चोळत बसली होती.

"आज हत्यार हलवत नाय, बाबा."

"माल माझा आहे, आजी. बाजूला व्हा."

"तुझा हाय, तर पूजा तूच कर." तिनं झेंडूचं फूल माझ्या हातात दिलं.

रागारागात मी ते ऐरणीवर ठेवलं. मग पूजलेल्या लोखंडाला माझेच हमाल हात लावेनात. तेवढ्या एका दिवसात गावकरी मालकांना भेटले आणि मालकांनी शब्द फिरवला. आता कारखाना जपून ठेवलाय, शाळांच्या सहली येतात. मालकांवरचा माझा राग गेलेला नाही. म्हातारीचं नाव मात्र विचारायला हवं होतं. घासाघिशीत मला हरवणारी ती एकटीच, आणि तिनं भावसुद्धा विचारला नव्हता.