साडभाऊंच्या दाताची तार

जगात जे जे वाकडं आहे ते ते सरळ होऊ शकतं, फक्त घाई करायची नाही आणि भाव आधी विचारून घ्यायचा, यावर माझ्या साडभाऊंइतकी गाढ श्रद्धा असलेला माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात सापडायचा नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. लाखनीला हायवेच्या कडेला त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. धानाला पाणी द्यायच्या दिवसांत विहिरीवरच्या जळक्या मोटारी तिथे रांगेनं पडलेल्या असतात आणि त्यांच्या मधोमध साडभाऊ तांब्याच्या तारेचं भेंडोळं मांडीवर घेऊन बसलेले असतात. वाकलेली तार ते कधी ठोकत नाहीत. दोन खुंट्यांना ताणून बांधतात आणि चहाला निघून जातात. "तारेले मारू नये, साडभाऊ. ताणून ठेवा, ते आपोआप आयकते," असं ते मला सांगतात. (मीही त्यांचा साडभाऊच, आम्ही दोघं एकमेकांना याच नावानं हाक मारतो.) हा प्रयोग त्यांनी माणसांवरही करून पाहिला आहे. एका दाखल्यासाठी ते तलाठ्यासमोर चार दिवस नुसते बसून राहिले, भांडले नाहीत की बोलले नाहीत. पाचव्या दिवशी तलाठ्यानं दाखला तर दिलाच, वर चहा पाजला.

भाव विचारण्याला मात्र काळवेळ नाही. एका तेरवीला भजन ऐन रंगात आलेलं असताना ते पेटीवाल्याच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "केवढ्याले भेटली जी?" पेटीवाल्यानं वाजवता वाजवता किंमत सांगितली. साडभाऊंनी तालावर मान डोलावली आणि म्हणाले, "महाग पडली." सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या वेळी त्यांनी डॉक्टरला विचारलं होतं, की दोन्ही डोळे एकदम केले तर काही कमी होईल का.

गेली दोन वर्षं त्यांच्या जेवणाच्या तऱ्हा हा आमच्याकडच्या प्रत्येक पंगतीचा करमणुकीचा कार्यक्रम होता. एकेकाळी हा माणूस हिरव्या मिरच्या काकडीसारखा खायचा. तोच आता वांग्याची फोड पाण्याच्या गिलासात विसळून खाऊ लागला. "तुमच्या ताईच्या हाताले काहून एवढं तिखट आलं, समजून नाही राहिलं," असं म्हणायचा. समोसा कुस्करून, त्याचा भुगा करून खायचा. पाणीपुरी तर त्यांनी सोडूनच दिली. पुऱ्यांचा साइज कंपन्यांनी वाढवला असं त्यांचं म्हणणं. मी त्यांची हुबेहूब नक्कल करायचो. समोसा चिमटीत धरून चोचीनं टिपल्यासारखा खायचो आणि पंगत हसून लोळायची. सगळ्यात जास्त साडभाऊच हसायचे, पण तोंडावर हात धरून. त्यांचे वरचे दात पुढे आलेले होते आणि मधली फट वर्षागणिक रुंदावत होती. हसून झालं की ते खिशातून खर्ऱ्याची पन्नी काढायचे. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला हा ऐवज आमच्याकडे पाहुण्याला पाण्याआधी विचारतात. अर्धा ते घ्यायचे, अर्धा मला द्यायचे. मी भंडाऱ्याला शिक्षक आहे. आमच्या शाळेच्या भिंतीवर 'तंबाखूमुक्त शाळा' हे मी स्वतः उभं राहून रंगवून घेतलं आहे, तेव्हा माझा अर्धा वाटा घरच्या घरीच असायचा.

मग साडभाऊंच्या पुतणीच्या साखरपुड्याचा अल्बम आला. फोटोवाल्यानं हौसेनं कॉम्प्युटरवर साडभाऊंचे दात सरळ करून टाकले होते. साडभाऊ तो फोटो बराच वेळ पाहत राहिले. "हा मानूस चांगला दिसते," एवढंच ते म्हणाले. पुढच्याच आठवड्यात त्यांनी मला नागपूरला नेलं, दात सरळ करणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे. साडभाऊंचं वय त्रेचाळीस, आणि बाहेरच्या बाकावर सगळी शाळकरी पोरं. एका पोराच्या आईनं विचारलं, "तुमचा मुलगा आत आहे का?" साडभाऊ म्हणाले, "नाही जी. मीच मुलगा."

डॉक्टरीणबाई तरुण आणि शांत होत्या. त्यांनी टेबलावर नमुने मांडले. साधे मेटलचे ब्रेसेस चाळीसेक हजारांपासून. दाताच्या रंगाचे सिरॅमिकचे त्याहून पंधरा-वीस हजारांनी जास्त, दिसतात कमी, पण जपावे लागतात. आतल्या बाजूनं लावायचे, बाहेरून मुळीच न दिसणारे, लाखाच्या वर. आणि प्लास्टिकचे पारदर्शक ट्रे, अलाइनर, तेही लाखाच्या वर. दिवसाचे बावीस तास घालायचे, फक्त खाताना काढायचे.

"तारेचा गेज कोनता?" साडभाऊंनी विचारलं.

बाईंनी ड्रॉवरमधून तार काढून दिली. आधी बारीक, मग महिन्या-दोन महिन्यांनी जाड, असं त्या म्हणाल्या. साडभाऊंनी तार वाकवली, सोडली. ती सरळ झाली. पुन्हा वाकवली, पुन्हा सरळ. "हे तर आपलंच काम हाय," ते माझ्याकडे वळून म्हणाले आणि लगेच बाईंना, "पन वीतभर तार हाय ही. मी तांबं किलोनं घेतो. चाळीस हजार कायले?"

"काका, तार स्वस्तच आहे. ती दर महिन्याला कुठे आणि किती ताणायची, त्याचे पैसे."

साडभाऊंनी तार टेबलावर ठेवली. त्यांना हे पटलं होतं. "बरोबर हाय. मले बी लोक हेच इचारतात." मोठ्या माणसाचं हाड कडक असतं, दीड-दोन वर्षं लागतात, हिरड्या मजबूत लागतात, हे त्यांनी मान हलवत ऐकलं. काम झाल्यावर दात मागे सरकू नयेत म्हणून रिटेनर घालावा लागतो, हे तर त्यांना न सांगताच कळलं. "वाइंडिंगवर वार्निश. नाही तर गुंडाळी ढिली होते." बाई हसल्या. मलाही वाटलं, आता सौदा जमला. साडभाऊंनी सगळ्यात महाग ट्रेवर बोट ठेवलं. मी चकित झालो. ते म्हणाले, "हे बेस. खर्रा खाताना काढून पन्नीत ठेवता येईन."

बाईंचं पेन थांबलं. "खर्रा किती वर्षांपासून?"

"दुकान हाय तवापासून. बावीस झाले असतीन."

"तोंड उघडा, काका. पूर्ण."

"पूर्नच उघडलं ना जी."

बाईंनी त्यांना स्वतःची तीन बोटं एकावर एक धरून वरच्या आणि खालच्या दातांमध्ये घालायला सांगितली. दोन गेली. तिसरं जाईना. साडभाऊंनी हात फिरवून पाहिला, मग तिसरं बोट काढून करंगळी लावून पाहिली, जणू बोटाचाच गेज चुकला होता. करंगळीही जाईना. मग बाईंनी हळू आवाजात विचारायला सुरुवात केली. तिखट झोंबतं का, मोठा घास घेता येतो का, पाणीपुरी खाता का. उत्तरं मीच देत होतो, कारण मला सगळी पाठ होती. दोन वर्षं मी ज्यांची नक्कल करून हशा मिळवला होता ती सगळी दुखण्याची लक्षणं होती. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

गालाच्या आत एक पांढरा चट्टा होता. त्याचा तुकडा काढून तपासायला पाठवायचा ठरला. दातांचं नंतर बघू, बाई म्हणाल्या. तुकडा काढायचे किती, हे साडभाऊंनी विचारलं नाही. बाहेर पडल्यावर ते माझ्या लक्षात आलं.

रिपोर्टला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मी रोज शाळा सुटली की भंडाऱ्याहून लाखनीला जात होतो. साडभाऊ एकच मोटार उकलून पुन्हा गुंडाळत होते. गिऱ्हाईक घाई करायचं, ते मान वर करायचे नाहीत. त्यांच्या बायकोला, मोठ्या ताईंना, आम्ही काही सांगितलं नव्हतं, पण त्यांनी भाजीत तिखट टाकणंच बंद केलं होतं, आणि तेही कोणी बोलत नव्हतं. सातव्या दिवशी साडभाऊ म्हणाले, "साडभाऊ, मले दात कायले पायजे होते? जीव होता ना चांगला."

कॅन्सर नव्हता. हे वाक्य बाईंनी सगळ्यात आधी सांगितलं, तेवढ्यासाठी मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे. गालाची आतली कातडी मात्र कडक झाली होती. खर्रा त्या दिवसापासून कायमचा बंद. रोज तीनदा आइस्क्रीमच्या काड्या दातांत धरून तोंड ताणायचं, जमेल तशी एकेक काडी वाढवायची. गेलेलं सगळं परत येत नाही, पण आहे ते राखता येतं. तोंड पुरेसं उघडलं आणि हिरड्या सुधारल्या तर मग दातांचं पाहू, तेही साध्या तारेनं.

तेव्हापासून साडभाऊ दुकानात काड्या धरून बसतात आणि बोलता येत नाही म्हणून हातवारे करून भाव सांगतात. काड्या काढल्या की मोटार घेऊन आलेल्या प्रत्येकाला आधी तीन बोटं तोंडात घालायला लावतात. ज्याचं तिसरं बोट अडेल त्याची मोटार बाजूला ठेवून आधी त्याला दवाखान्याचा पत्ता लिहून देतात. शेजारच्या पानठेलेवाल्यानं त्यांच्याशी बोलणं टाकलं आहे. लोक हसतात. आता मी नक्कल करत नाही.

परवा रविवारी सकाळी ते आमच्या घरी आले. पाणी प्यायले, खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाले, "साडभाऊ, तुमचं पाहिलं का कधी?"

"माझं काय पाहायचं? मी तर तुमच्यातला अर्धाच खायचो."

"खायचो का खातो?"

मी बोटं तोंडात घातली. दोन सहज गेली. तिसरं पेरापर्यंत गेलं आणि कानाखाली ओढ बसली. मी जोर केला, तसे दात बोटात रुतले. हात बाहेर काढून मी रुमालाला पुसत राहिलो, तो कोरडा झाला तरी. साडभाऊंनी सगळं पाहिलं होतं. ते उठले, चपला घातल्या. आतून बायको म्हणाली, चहा टाकलाय. "आल्यावर घेऊ, बाई," ते म्हणाले आणि मला, "चला. नागपूरची बस आता भेटते."

बसमध्ये आम्ही दोघं शेजारी बसलो. ते खिडकीपाशी, मी कडेला. मौद्यापर्यंत मी वाट पाहत होतो, की ते आता काहीतरी बोलतील, निदान कंडक्टरला बसच्या टायरचा भाव तरी विचारतील. ते बोलले नाहीत. कशाचाही भाव न विचारता हा माणूस इतका वेळ बसू शकतो हे मला ठाऊकच नव्हतं. तो माझ्यासाठी गप्प आहे हे कळत होतं, म्हणून मला फार भीती वाटत होती, आणि तो शेजारी आहे म्हणून फार बरंही वाटत होतं.