एकादशीची खिचडी आणि माझं जठर

हसायचं असेल तर कप आधी खाली ठेवा, चहा नाकात जातो. मी असं काही करून बसलोय की ऐकून आमचे साडूसुद्धा हसले, आणि ते स्वतःच्या लग्नातसुद्धा हसले नव्हते.

मी उस्मानपुऱ्यात तीस वर्षं विज्ञान शिकवलं. जठराचा धडा माझा लाडका. जठरात असलं जबर आम्ल तयार होतं की मटणाचा लगदा व्हावा. मग जठर स्वतःलाच का पचवत नाही? असं विचारून मी वर्गाकडं बघत राहायचो. मग फळ्यावर जठर काढून आतलं चिकट अस्तर गुलाबी खडूनं रंगवायचो. आम्लाला अडवतं ते हे, याच्या जिवावर आपण जगतो, असं सांगायचो.

निवृत्त झालो आणि छातीत जळजळ सुरू झाली. माझंच अस्तर फाटलं की काय? जीव टांगणीला लागला. डॉक्टर निघाला माझाच विद्यार्थी, खुलताबादचा अमोल. हा वर्गात कमी आणि दाराबाहेर जास्त असायचा, कारण तयारी न करता येणाऱ्याला मी बाहेर उभं करायचो. तो म्हणाला, दुर्बिणीनं आतून बघू. सकाळी काही खाऊ-पिऊ नका.

त्या दिवशी नेमकी एकादशी. मी साबुदाण्याच्या खिचडीची ताटली पुढं ओढली तशी बायको म्हणाली, "काही खाऊ नका म्हणलाय नं तो?"

"अगं, खिचडी म्हणजे काय खाणं व्हय? उपवासच आहे की. आणि रिकाम्या पोटी आम्ल अस्तरालाच चावत बसतं. त्याला काहीतरी काम नको?"

विज्ञानाच्या मास्तरापुढं कोण बोलणार? मी वरून वाटीभर दही घेतलं, अस्तराला आधार म्हणून.

दवाखान्यात सिस्टरनं विचारलं, "कुछ खाए तो नै ना, सर?" मी ताठ मानेनं सांगितलं, एकादशी आहे, उपवास. तिनं कागदावर 'उपाशी' लिहिलं.

मी अमोलला पडदा माझ्याकडं फिरवायला लावला. जन्मभर फळ्यावर काढलेलं अस्तर एकदा डोळ्यांनी बघायचं होतं ना! नळी आत गेली. आणि दिसलं काय? पांढुरके, फुगलेले फोडच फोड! लई घाबरलो. अस्तर संपलं, मीही संपलो. तोंडात नळी, बोलता येईना. मी बोटानं त्यातला सगळ्यात मोठा, तपकिरी फोड दाखवला.

अमोलनं निरखून बघितलं.

"सर, हा शेंगदाणा आहे."

सिस्टर मास्कच्या आत हसायला लागली. अमोलनं नळी बाहेर काढली. पोटात अन्न असताना हे करणं धोक्याचं, ते उलटून श्वासनळीत जाऊ शकतं, हे त्यानं मला सावकाश समजावलं, अगदी मी ढ पोरांना समजवायचो तसं. अस्तर तर साबुदाण्याखाली धड दिसलंही नाही.

बधिर जिभेनं मी विचारलं, "मग आता?"

तो हातमोजे काढत म्हणाला, "आता काय, सर. तयारी करून आला नाहीत. बाहेर बसा."

बाहेर बाक रिकामा होता. पण मी उभाच राहिलो.