सात नंबरचा पाचवा फाऊल

हा लेख मी आपणहून लिहिलेला नाही. गौरवग्रंथाच्या समितीने दोनदा विचारले आणि दोन्ही वेळा मी नकार दिला. मागच्या महिन्यात श्री. नत्थूजी गिऱ्हेपुंजे स्वतः मुलाच्या मोटारसायकलवर बसून माझ्या घरी आले. त्यांना आता बोलता येत नाही. तंबाखूच्या खर्ऱ्याने तोंडाचा कर्करोग झाला. नागपूरला शस्त्रक्रिया झाली, त्यात अर्धा जबडा आणि जिभेचा बराच भाग गेला. गळ्यात अडकवलेल्या पाटीवर त्यांनी लिहिले, "आता तुम्ही बोला." मी पाणी आणायला उठले, तर त्यांनी हाताने बसवले आणि तीच पाटी पुन्हा पुढे धरली.

म्हणून लिहिते आहे.

ज्यांना नत्थूजी ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगते. लाखनीला हायवेच्या कडेला त्यांचे टायर-पंक्चरचे दुकान आहे. आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचे ते खेळाडू नव्हते, प्रशिक्षक नव्हते, कॉलेजात शिकलेलेही नव्हते. ते प्रेक्षक होते. एका प्रेक्षकाच्या पंचाहत्तरीला ग्रंथ निघतो आहे याचे काहींना नवल वाटेल. मला वाटत नाही. खेळाडू तीन वर्षांनी निघून जातात, प्राचार्य बदलतात. चाळीस वर्षे प्रत्येक सामन्याला जाणारा आणि प्रत्येक फाऊल वहीत मांडणारा माणूस या गावात एकच होता.

त्यांची माझी पहिली भेट सायकलच्या पंक्चरमुळे झाली. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नुकतीच लागले होते. अक्षर चांगले म्हणून प्राचार्यांनी सामन्यांच्या वेळी मला गुणलेखकाच्या टेबलावर बसवायला सुरुवात केली होती. दुकानाच्या बाकावर सहा-सात माणसे होती आणि वाद रंगात आला होता. कॉलेजच्या चेंडूत हवा तिथेच भरली जायची, त्यामुळे बास्केटबॉलचे सगळे वादही तिथेच भरायचे.

"तुमसरचा पाच नंबर म्हंजे घोडा आहे बे, घोडा."

"घोडा होय त् टांग्याले जुंप. बास्केट टाकता येते का त्याले?"

"परवा अठरा पॉइंट काढले ना त्यानं."

"अठरा? तू मोजत होता का चिवडा खाऊन राहिला होता?"

मी आत गेले तसे सगळे गप्प झाले. बाई आली की त्या बाकावरचे बोलणे बंद होई. नत्थूजींनी टबातून ट्यूब वर काढली आणि म्हणाले, "गप काहून झाले? मॅडम टेबलावर बसतेत, त्याईलेच विचारा."

मी म्हटले, "सोळा."

"ऐकलं? सोळा. आता दोघंही चूप बसा." आणि माझ्याकडे वळून, "मॅडम, सायकल घेऊन जा जी. काटा होता, काढला."

त्या दिवसापासून आकड्याचा प्रश्न निघाला की बाकावरचा कोणी ना कोणी मला विचारायला ग्रंथालयात येऊ लागला. कॉलेजात आठ प्राध्यापक क्रिकेटवर बोलत, त्यातल्या एकानेही मला कधी मत विचारले नव्हते.

नत्थूजींचा पक्ष लाखनीचा, यात शंका नव्हती. पण त्यासाठी ते वाकडे वागत नसत. एकदा तुमसरचा संघ आमच्या मुलांना हरवून निघाला आणि त्यांच्या जीपचे मागचे चाक दुकानासमोरच बसले. बाकावरून ओरडा झाला, "राहू द्या भाऊ, जाऊ द्या त्याईले पायदळ!" नत्थूजींनी हातातले ट्रकचे काम बाजूला ठेवले आणि आधी जीप घेतली. म्हणाले, "आपले पोट्टे हरले ते हवेनं नाही हरले." पाच नंबरच्या त्या मुलाला जवळ बोलावून त्याची उडी कुठे कमी पडते हेही त्यांनी सांगितले. बाक दोन दिवस त्यांच्यावर रुसला होता.

आता त्या अंतिम सामन्याबद्दल. त्याला चौतीस वर्षे झाली.

सामना लाखनीच्या मैदानावर होता, समोर तुमसर. आमच्याकडे सात नंबरला दिलीप मेश्राम खेळत होता. आंधळगावचा मुलगा, वसतिगृहात राहायचा, बोलायचा कमी. विद्यापीठाचा संघ त्याच सामन्यावरून निवडला जाणार होता आणि खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी मिळण्याचा तेवढा एकच रस्ता त्याच्यापुढे होता. चार मिनिटे उरली होती, आम्ही पाच गुणांनी पुढे होतो. रेटारेटी झाली, शिट्टी वाजली. पंचांनी टेबलाकडे वळून बोटांनी आठची खूण केली. मी घाईत फाऊल सातपुढे मांडला. दिलीपचे त्याआधी चार झाले होते, म्हणजे हा पाचवा, खेळाडू बाहेर.

दिलीप टेबलाजवळ आला. "मॅडम, चारच झाले. मी मोजून राहिलो."

मी म्हटले, "वहीत पाच आहेत. बाहेर व्हा."

मला शंका आली नव्हती असे लिहिणे खोटे ठरेल. पण माझ्या गुणपत्रकात कधी खाडाखोड नसायची आणि सामना थांबवून सगळ्यांसमोर खोडायला मी तयार नव्हते. आमचा आठ नंबरचा खेळाडूही गप्प राहिला. आम्ही तीन गुणांनी हरलो.

प्रेक्षकांत सर्वांत मोठा आवाज नत्थूजींचा. दिलीप खाली मान घालून जात असताना ते पायऱ्यांवर उभे राहून ओरडले, "मुद्दाम केला! मुद्दाम!" नत्थूजी म्हणाले म्हणजे गावाला पुरावा लागत नसे. दुसऱ्या दिवशी वसतिगृहाच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेले होते, "विकला". एखाद्या मिलवाल्याच्या मुलाबद्दल तसे कोणी लिहिले नसते. मेश्रामांच्या मुलाबद्दल लिहिणे सोपे गेले. विद्यापीठाच्या यादीत त्याचे नाव आले नाही. परीक्षेआधीच तो कॉलेज सोडून गेला.

आठवडाभर दुकानात दुसरा विषय नव्हता. तेव्हा हजर असलेल्या एकाने पुढचे मला सांगितले. कोणीतरी म्हणाले, "भाऊ, तुमची वही काढा. कवा कवा फाऊल केले ते वाचा, म्हंजे समजन त्यानं कसा घात केला." नत्थूजी वाचू लागले. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. पान उलटले आणि थांबले.

"अन् पाचवा?"

"नाही."

"नाही म्हंजे?"

"सात नंबरचे चारच आहेत. तो फाऊल मी आठपुढे मांडला."

"मांडताना चुकलं असन जी तुमचं."

नत्थूजी उभे राहिले. "चुकलं त् चुकलंच. पण मांडताना नाही, बोंबलताना. डोळ्यानं आठ पाहिला, हातानं आठ लिहिला, अन् टेबलानं सात म्हटलं म्हणून सात बोंबललो. पोरगा खरा आहे. मी खोटा." आणि तिथेच त्यांनी नियम घातला: या दुकानात जो खोटा पडेल त्याने उभे राहून कबूल करायचे, नाही तर दुसऱ्या दिवशी येऊ नये.

तो नियम चौतीस वर्षे चालला. एक हेडमास्तर एका खेळाडूच्या उंचीवरून खोटे पडले. महिनाभर ते दुकानाकडे फिरकले नाहीत, रस्त्याच्या पलीकडून जात. शेवटी वाद ऐकल्याशिवाय राहवेना, तेव्हा आले, उभे राहिले, "दोन इंच जास्त सांगितलं" म्हणाले आणि खाली बसले. आपल्याकडे वादात आवाज चढवणारे खूप आहेत. चढवलेला आवाज त्याच चार लोकांत उतरवणारे मी नत्थूजींशिवाय पाहिले नाहीत.

दुकानात वही वाचली त्याच दिवशी नत्थूजी ती घेऊन ग्रंथालयात आले होते. मी वही पाहिली. म्हटले, "अधिकृत गुणपत्रक माझे आहे. तुमच्या वहीला कोण विचारतो?"

"कोणी नाही विचारत मॅडम. म्हणून त् तुमच्याकडे आलो."

मी पुस्तकांची नोंद करत राहिले. त्यांनी वही मिटून घेतली. जाताना म्हणाले, "मी तुमचं नाव नाही घेणार. ते तुमीच घ्यान."

पुढे ते बस पकडून आंधळगावला गेले. दिलीप नागपूरला हमालीला गेला होता. त्याच्या वडिलांसमोर नत्थूजींनी आपली चूक सांगितली. वडील म्हणाले, "तुमी आले, बरं झालं. पण लाखनी नाही आली ना जी." त्यानंतर दर वर्षी हंगाम सुरू झाला की दुकानात नव्या आलेल्यांना नत्थूजी ती हकिकत ऐकवत. "टेबलावर चूक झाली," एवढेच म्हणत. टेबलावर आम्ही तिघे होतो. तिघांपैकी कोण, हे त्यांनी चौतीस वर्षांत एकदाही उच्चारले नाही.

मग त्यांचा आवाज गेला. दुकान आता मुलगा पाहतो; बाक आहे, वाद आहेत, फोनवर गटही आहे. या ग्रंथासाठी कॉलेजचे आजवरचे पाच सर्वोत्तम खेळाडू निवडायचे ठरले. कोणी मेश्रामांचे नाव घेतले. एक तरुण म्हणाला, "मेश्राम? फायनल घालवणारा?" सगळे हसले. नत्थूजींनी पाटीवर लिहून वर धरले, पण बोलणारे एकमेकांकडे पाहत होते. त्यांनी टायर काढायची पहार ड्रमवर आपटली. "दादाजीले ताव आला," म्हणून पोरे पुन्हा हसली. दुसऱ्या दिवशी ते माझ्या घरी आले, हे वर लिहिलेच आहे.

गेल्या रविवारी नत्थूजी, त्यांचा मुलगा आणि मी आंधळगावला गेलो. दिलीप मेश्राम आता पंचावन्न वर्षांचे आहेत. तुमसरच्या एका राइस मिलमध्ये तोलाईला असतात. मी जे केले ते त्यांच्या मुलीसमोर सांगितले. ते म्हणाले, "मले त् तवाच मालूम होतं, मॅडम. मी मोजत होतो ना." माझ्याशी ते एवढेच बोलले. मग नत्थूजींकडे वळले.

"एक सांगा जी. मी आत राहिलो असतो त् जिंकलो असतो का आपून?"

नत्थूजींनी बराच वेळ लावून लिहिले, "सांगता येत नाही. त्यांचा पाच नंबर जोरात होता." खोटा दिलासा त्यांनी त्या घरातही दिला नाही.

"जोरात?" दिलीप सरसावून बसले. "त्याले डावीकडून जाताच येत नव्हतं."

पाटी पुसली. "येत होतं. दोनदा गेला."

"कवा गेला? मले दाखवा कवा गेला!"

अर्धा तास ते दोघे असे भांडले, एक बोलून, एक लिहून. दिलीप प्रत्येक वेळी पाटीवरचे लिहून होईपर्यंत थांबत. त्यांच्या मुलीने नंतर मला सांगितले की वडिलांनी बास्केटबॉल हा शब्द घरात आजवर काढलेला नव्हता.

नत्थूजींच्या जखमा भरोत, घास वेदनेशिवाय उतरो, आणि पुढची पुष्कळ वर्षे ते बाकावर बसलेले असोत. त्यांच्या पाटीवरचे थांबून वाचणारी माणसे लाखनीत निपजोत, एवढे मी वाचकांकडे मागते.

जे सुपूर्द केले त्याची नोंद पुढे देते. आंधळगाव येथे दिलीप मेश्राम यांना चार कागद दिले. गुणपत्रकाची माझ्याकडे राहिलेली प्रत आणि नत्थूजींच्या वहीतली दोन पाने त्यांनी ठेवून घेतली. माझ्या सहीचे निवेदन परत केले. म्हणाले, "हे माझ्या घरी कायले? भिंत लाखनीत होती." सोमवारी ते निवेदन कॉलेजच्या कार्यालयात दिले. आवक नोंद झाली. फलकावर लावायला परवानगी मिळालेली नाही. म्हणून त्याची दुसरी प्रत या ग्रंथाच्या समितीला दिली आहे. मजकूर असा:

"अंतिम सामन्यात सात नंबरचे खेळाडू श्री. दिलीप मेश्राम यांचे चार फाऊल झाले होते. पाचवा त्यांचा नव्हता. तो त्यांच्या नावावर मी मांडला, आणि त्यांनी सांगूनही खोडला नाही. सुमन रामटेके, गुणलेखक."