आधी क्रियापद

पोलीस अ‍ॅक्शनमध्ये निजामाचं राज्य गेलं, अदालतीतून उर्दू उठली आणि माझ्या वडिलांचं अडलं. ते पेशकार होते, न्यायाधीशांपुढं कागद ठेवायचे. उर्दूत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. आता वरून हुकूम आला, इंग्रजीची तोंडी परीक्षा द्या, नाहीतर घरी बसा. घर म्हणजे देवगाव रंगारी. तिथं मुलींना चौथीपुढं शाळा नव्हती आणि मी औरंगाबादेत आठवीत होते. त्यामुळे वडिलांना इंग्रजी येण्याची गरज त्यांच्यापेक्षा मला जास्त होती. मीच शिकवायला बसले.

वाचन जमलं. गाडी अडली ती प्रश्नांपाशी. इंग्रजीत प्रश्न करायचा, तर क्रियापद उठून कर्त्याच्या पुढं जाऊन बसतं. 'यू आर'चं 'आर यू' होतं. मी साहेब होऊन खुर्चीत बसायची, वडील समोर हात बांधून उभे.

"हुजूर, यू आर वेल."

"अप्पा, 'आर' आधी."

"साहेब मागं अन् क्रियापद पुढं? बेअदबी हाये ही."

खरं तर त्यांना विचारायची सवयच नव्हती. अदालतीत वरिष्ठाला सवाल करायचा नाही, हुकमाची वाट बघत उभं राहायचं, हा रिवाज. घरी ते स्वतःच वरिष्ठ. 'उद्या बिडकीनला जायचं,' म्हणायचे, की आम्ही पिशव्या भरायचो. कुणाला यायचंय का, हे वाक्य आमच्या घरात कुणी ऐकलं नव्हतं. मला त्यांचा भयंकर राग यायचा. पण परीक्षा डोक्यावर होती, म्हणून गिळायची.

परीक्षेत साहेब म्हणाले, मला काहीही विचारा. वडिलांनी घाम पुसला आणि विचारलं, "हॅव यू अ डॉटर?" साहेबांना मुलगी होती आणि तिच्याबद्दल बोलायची हौसही होती. वडील पास झाले. आता शाळा पक्की, असं मला वाटलं.

लगेच वैजापूरचं स्थळ आलं. घरचा कापसाचा व्यापार, मुलगा एकुलता एक. बैठकीत सुपारी फुटायचीच बाकी होती. मी चहा घेऊन गेले, तेव्हा पाहुण्यांपैकी कुणीतरी मुलीची पसंती विचारली.

"पोरीला काय इचारायचं त्यात?" काका म्हणाले.

वडील उठले, माझ्यासमोर हात बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "डू यू वॉन्ट टू मॅरी?"

बैठकीत कुणाला काही कळलं नाही.

"नो, अप्पा."

हे मात्र कळलं असावं, कारण काकांची बशी कलली.

"पोरगी नाय म्हणती," वडील पाहुण्यांना म्हणाले. "चहा घ्या."

मी मॅट्रिक झाले, पुढं कॉलेजातही गेले. मराठीत वडिलांनी मला शेवटपर्यंत काही विचारलं नाही. विचारायचं असलं, की घसा खाकरून इंग्रजीत विचारायचे.