सरोजाअक्कांचा मंगळवार

सरोजाअक्का सभेला बसल्या की आधी खडीसाखरेचा खडा तोंडात टाकत. तो विरघळेपर्यंत बोलायचं नाही, हा त्यांचा नेम. "जन्मभर मास्तरीण होते गं. तोंड रिकामं असलं की शिकवायला लागते," त्या म्हणत. पुढे डॉक्टरांनी साखर बंद केली, तेव्हा सुपारी आली. सुपारी विरघळत नाही, त्यामुळे आमच्या सभा फार लांबल्या.

अक्का आता नाहीत. राजाजीनगरच्या, पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत राहिलेल्या मराठी घरातल्या. मी जालन्याकडची, आठवीत शाळा सुटलेली, लग्न होऊन इथे आलेली. अक्कांच्या संस्थेत काम मागायला गेले तेव्हा शिक्षण सांगून मी मान खाली घातली. "सतरंजी झाडता येते ना?" त्यांनी विचारलं. "सरी, बरं मग. उद्यापासून ये."

दर मंगळवारी आम्ही बसने दोन तासांवरच्या एका खेड्यात जायचो. तिथे बायकांचा बचत गट होता. धंदा कोणता करायचा ते बायकांनी ठरवायचं, अक्कांनी ऐकायचं, मी चहा द्यायचा. सभेत बायका गप्प. कपबश्या विसळताना मात्र माझ्यापाशी हातवारे करून कन्नडमध्ये भडाभडा बोलत. मला निम्मं कळे, पण चिंच कळायची. गावात चिंचेची झाडं उदंड, आणि व्यापारी चिंच सालीसकट स्वस्तात उचलून नेई. बायकांना ती सोलून, चिंचोके काढून स्वतः विकायची होती. ठेवायला कोरडी खोली तेवढी नव्हती.

एकदा मदत देणारे साहेब आले. म्हणाले, शिलाई मशिनी देतो. बायका "सरी सर, सरी सर" करत माना हलवू लागल्या. गावात आलेल्या पाहुण्याला नको कसं म्हणायचं? साहेब कागद पुढे सरकवू लागले. अक्का सुपारी चघळत माझ्याकडे बघत राहिल्या. बोलले तर माझी नोकरी जाणार, नाही बोलले तर यांची चिंच. माझं कन्नड भाजी घेण्यापुरतं. तेवढ्यावरच म्हणाले, "सर, मशीन बेडा. हुणसेगे रूम बेकु." मशीन नको, चिंचेला खोली हवी.

साहेबांनी अक्कांना विचारलं, "ही कोण?" अक्कांनी बायकांकडे बोट दाखवलं, त्यांनाच विचारा असं. मग गटातली गंगम्मा बोलायला उठली, तिच्यामागून सगळ्याच, आणि साहेबांचा चहा गार झाला.

परतताना बसमध्ये मी रडत होते. "अक्का, चुकलं का माझं?"

"कन्नड स्वल्प सुधार. आणि बोलताना किटली खाली ठेव. साहेबाला वाटलं, मारतेस."

खोली झाली. दोन हंगामांनी गंगम्माचा फोन आला: अक्का, मंगळवारी येऊ नका, चिंच आलीय, बसायला वेळ नाही. अक्कांनी गल्लीतल्या घराघरांत जाऊन सांगितलं, "मला हाकललं गं त्यांनी." चेहरा असा, की जणू नातू पास झालाय.

मी विचारलं, "अक्का, मग माझी नोकरी?"

"तुला कुठे हाकललंय? तुला सोमवारीच कामाला बोलावलंय. मीच तेवढी नको म्हणे."