शांतीवाली मॅडम

भांडण दिसलं की मॅडम आधी खुर्च्या फिरवायच्या. समोरासमोर बसलेल्या दोघांना शेजारी शेजारी बसवायचं, दोघांची तोंडं एकाच भिंतीकडे. मग म्हणायच्या, "आता समोरच्याचं म्हणणं तुमच्या तोंडून सांगा." समोर तर भिंतच असायची, पण माणसं बिचारी सांगायची.

घणसोली गावात आम्ही दोघी शेजारच्या खोल्यांत भाड्याने राहत होतो. मी तळोज्याला कंपनीत नोकरीला, त्या पीएचडी करत होत्या. विषय, भांडणं मिटवणं आणि समेट घडवणं. घरमालकांची म्हातारी आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "भांडन कराला अक्कल लागत नाय, मिटवाला कालेज लागतं."

तुम्हाला वाटेल, बाई स्वतः अगदी शांत असतील. छे. मी पाण्याची मोटर जरा जास्त चालवली की गल्ली डोक्यावर घ्यायच्या. रिक्षावाल्यांशी तर रोजचं वाजायचं. मी चिडवलं की म्हणायच्या, "डॉक्टरला ताप येत नाही का?"

ही खोली मिळण्याआधी त्यांनी अख्खी नवी मुंबई पालथी घातली होती. मराठवाड्यातल्या बौद्ध घरातल्या, त्यात एकट्या. आडनाव ऐकलं की टॉवरवाले म्हणायचे, "कळवतो." शेवटी आमच्या म्हातारीने एवढंच विचारलं, "अब्यास करतेस ना? मंग रा." त्या खोलीवर मॅडमचा फार जीव. भिंतींना आकाशी रंग त्यांनी स्वतःच्या हाताने दिला होता, छतालाही थोडा लागला होता.

घोळ असा की, घरमालक भावांचं वाकडं आलं होतं ते याच खोलीवरून. वडिलांनी ती सामाईक अंगणात बांधलेली. थोरला म्हणे माझी, धाकटा म्हणे माझी. बोलणं बंद. त्यात धाकट्याच्या मुलीचं लग्न ठरलं आणि थोरला म्हणाला, मी हळदीला येणार नाही. म्हातारीने जेवण सोडलं.

मग मॅडमनी दोघांना आपल्याच खोलीत बोलावलं. चहा करायला मी होते.

खुर्च्या फिरल्या. थोरला भिंतीला म्हणाला, "त्याचं म्हननं हाय, बाबांचं आजारपन त्यानं काडलं, म्हनून खोली त्याची."

धाकट्याने मान खाली घातली. "दादाचं म्हननं हाय, या खोलीच्या इटा त्यानं डोक्यावरनं वायल्या. शाला सोडून."

थोरल्याने समोरच्या आकाशी भिंतीवरून हात फिरवला. शेवटी थोरला म्हणाला, "भांडनाचं कारन ही खोलीच हाय. पाडू. अंगनात मांडव पन मोटा होईल."

"पाडू," धाकटा म्हणाला.

मी मॅडमकडे पाहिलं. मध्यस्थाने स्वतःचं मत सांगायचं नसतं, हे त्यांनी मलाच कितीदा ऐकवलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "दोघांनाही मान्य?" दोघांनी माना डोलावल्या आणि आईला सांगायला बरोबरच बाहेर पडले.

"अहो, बोलायचं ना," मी म्हटलं.

"मध्यस्थाला बाजू नसते."

"घर तर लागतं ना?"

त्यांनी कप उचलून विसळायला घेतले. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि त्या मला इतक्या आवडल्याही कधी नव्हत्या.

मॅडम आता राहणार कुठे, हे ध्यानात आलं तेव्हा भाऊ खजील झाले. दोघांनी मिळून तळवलीपर्यंत खोल्या शोधल्या. त्यांच्या शब्दालाही सगळीकडे "कळवतो"च मिळालं. शेवटी मॅडमनी ठरवलं, उरलेला प्रबंध गावी जाऊन लिहायचा.

निघायच्या दिवशीच हळद होती. खोली पाडून झाली होती, मॅडम माझ्याकडे राहत होत्या. मांडव अंगणभर होता. थोरला काका हळदीने माखून पोरांबरोबर नाचत होता. बसची वेळ झाली तशा मॅडम बॅग घ्यायला उठल्या आणि सवयीने सरळ आपल्या खोलीकडे चालू लागल्या. मांडवाच्या कोपऱ्यात जाऊन थांबल्या. तिथे म्हातारी खुर्चीत बसली होती, मांडीवर वडे-मटणाचं ताट.

"काय शोधतेस गो?" म्हातारीने विचारलं.

"काही नाही, आजी. जेवा तुम्ही," मॅडम म्हणाल्या, आणि तिचं ताट संपेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.